बोट टेकूवर, तारीख पंचांगात

प्रश्न : माझी 28 फुटी, फायबरची शिडाची बोट जयगडच्या खाडीकाठी टेकूवर उभी आहे. भाऊबीज झाली की मी, मेहुणा आणि मुलगी अशा तिघांनी कोचीपर्यंत जायचं ठरलं होतं. मे महिन्यात बोट वर घेतली तेव्हाच शाफ्टच्या (इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या दांड्याच्या) ग्लँडमधून, म्हणजे तो बुडातून बाहेर पडतो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून, पाणी येत होतं. गणपती झाल्यावर शाफ्ट काढून रत्नागिरीला लेथवर दिला. तेव्हापासून ‘बुधवारी देतो’ चालू आहे. मेहुण्याची रजा मंजूर झाली आहे. जुना शाफ्ट परत आणून ग्लँडमध्ये नवं पॅकिंग (पाणी अडवणारी दोरी) घालून निघू, उरलेलं गोव्यात बघू, असं तो म्हणतो. डोलकाठीच्या एका तारेचे दोन पदर तुटलेत, तेही तिकडेच. बुडाला रंग मात्र लावून ठेवलाय. काय करावं? आणि मिस्त्रीला घाई कशी लावावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मेहुण्यांना रजेचा अर्ज बदलायला सांगा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही.

गळती मेमध्ये दिसली आणि शाफ्ट निघाला गणपतीनंतर. मधल्या काळात लेथवाल्याकडे काय चालू असतं, ते बघा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून सगळे ट्रॉलर किनाऱ्यावर आणि त्यांचे शाफ्ट, पंखे, सुकाणू त्याच्या दारात. 1 ऑगस्टला ते समुद्रात गेले की लगेच मोडतोड घेऊन परत यायला लागतात. उभ्या ट्रॉलरवर खलाशांचा पगार चढतो, मालकाचा धंदा बुडतो. त्यांच्यापुढे तुमची हौसेची बोट मागेच राहणार. मी स्वतः बरीच वर्षं बंदरावर वर्कशॉप चालवलं, आणि मीही तुमचा शाफ्ट बाजूलाच ठेवला असता. रागावू नका.

रोज फोन करून काही होत नाही. एक दिवस जाऊन बसा. तुमचा शाफ्ट इंचभर जाडीचा असणार, ट्रॉलरचा त्याच्या कितीतरी जाड. तेवढा बारीक, चांगल्या स्टेनलेसचा दांडा त्याच्याकडे पडून नसतो. ‘बुधवार’चा अर्थ बहुतेक वेळा माल आलेला नाही एवढाच असतो, आणि ते तोंडावर सांगायला माणूस संकोचतो. मग माल तुम्हीच आणा. मुंबईहून 316 ग्रेडचा दांडा, पावतीसकट. सोबत पंखा, कपलिंग (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्या), चावी (पंखा शाफ्टवर घसरू न देणारी पट्टी) आणि जुना शाफ्ट असं सगळं एकदम त्याच्यासमोर ठेवा. पंखा हातात नसताना शाफ्टचा निमुळता भाग कातू देऊ नका. जुन्या मापावरून कातलेला निमुळता भाग पंख्यात डुगडुगतो, आणि ते समजतं तेव्हा बोट पाण्यात असते. ग्राइंडिंग पेस्ट लावून पंखा त्यावर फिरवून बघा, सगळीकडे सारखा टेकला पाहिजे. शाफ्ट बाहेर आहे तोवर त्याला आधार देणारा रबरी बुश आणि बुडाचे सी-कॉकही (पाण्याच्या वाटा बंद करणारे नळ) तपासून घ्या. ती कामं बोट पाण्यात असताना होत नाहीत.

आता मेहुण्यांचा तोडगा. पॅकिंग घासून शाफ्टला खाच पडते. नख फिरवा, लागेल. त्या खाचेवर नवं पॅकिंग थोडे दिवस टिकतं, मग गळायला लागतं. तुम्ही नट आवळता, ग्लँड तापतो, खाच आणखी खोल होते. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, त्या पाण्यानंच तो थंड राहतो. धार लागली तर मात्र पंप चालू ठेवून बसायची पाळी येते. जयगडहून गोवा शंभरावर सागरी मैल आहे. वाटेत विजयदुर्ग आणि देवगड ही आसऱ्याची बंदरं आहेत, पण ओहोटीच्या ओढीविरुद्ध खाडीच्या तोंडातून आत शिरायला इंजिनच लागतं. नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची बोट 2018 साली पृथ्वीप्रदक्षिणेच्या अगदी शेवटच्या टप्प्यात होती. सुकाणूत बिघाड झाला तेव्हा गोव्याची वाट सोडून ती मॉरिशसला पोर्ट लुईत नेली आणि दुरुस्त करूनच पुढे निघाली. घरची ओढ तिच्यावरच्या सहाजणींनाही असेलच की.

तारेचंही तसंच. दोन पदर तुटले म्हणजे ती तार संपली. तिची समोरच्या बाजूची जोडीदारीणही तेवढीच म्हातारी, दोन्ही बदला. दांड्याबरोबर तारेचीही ऑर्डर एकाच दिवशी द्या.

खरा उशीर शाफ्टनं होत नाही, उधाणानं होतो. तुमच्या बोटीला साडेचार फूट तरी पाणी लागत असेल. खाडीकाठी तेवढं पाणी अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच चढतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान, भरतीला बोट ढकलायला गेलात तर चिखलात रुतून बसेल. म्हणून शाफ्टला दोन दिवस उशीर झाला तरी बोटीला पंधरा दिवस होतो. आता पंचांग काढा. लक्ष्मीपूजनाची अमावस्या, म्हणजे सर्वांत मोठी भरती पाडवा-भाऊबीजेला. त्या दिवशी बोट ढकलायला माणसं मिळणार नाहीत, मिळाली तर त्यांच्या घरच्यांचे शिव्याशाप तुम्हाला. ते उधाण सोडूनच द्या. त्रिपुरी पौर्णिमा धरा. उधाणाची भरती अकरा-बाराच्या सुमारास येते, उजेडात काम होतं. लेथवाल्याला तारीख सांगताना पौर्णिमेच्या चार दिवस आधीची सांगा.

पाण्यात गेल्यावर लगेच निघता येत नाही, हे बरेच जण विसरतात. टेकूवर बोटीचा सांगाडा वेगळा बसतो, पाण्यात वेगळा. इंजिन आणि शाफ्टची कपलिंग जमिनीवर जुळवली असली तरी बोट दोन दिवस तरंगू द्या आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून परत बघा. 4 इंची कपलिंगमध्ये 0.1 मिलिमीटरहून जास्त फट नको. मग विजयदुर्गला जाऊन या, रात्री तिथं मुक्काम करा. जे सुटायचं असेल ते तिथंच सुटू दे.

डिसेंबर अर्धा सरल्यावर निघालात तर तुमचं नुकसान काहीच नाही. 2019 साली क्यार वादळ दिवाळीच्या तोंडावर रत्नागिरीसमोरच्या समुद्रात होतं. 2017 च्या ओखी वादळात, डिसेंबरच्या सुरुवातीला, केरळच्या बोटी देवगडात आसऱ्याला आल्या होत्या. जानेवारीत असं सहसा होत नाही, आणि सकाळी मतलई, दुपारनंतर वायव्येचा वारा, दोन्ही दक्षिणेला जायला सोयीचे. कोची सुमारे 475 सागरी मैल. ताशी 5 मैलांनी रात्रंदिवस चाललात तरी 4 दिवस. परतीला तोच वायव्येचा वारा नाकावर येईल आणि मार्चकडे जोर धरेल, त्यामुळे रजा कमी पडली तर मेहुणे कोकण रेल्वेनं परत येऊ देत.

रंगाचं म्हणाल तर डब्यावर वाचा. काही रंगांना लावल्यापासून ठरावीक दिवसांत पाण्यात जावं लागतं, नाहीतर त्यांचा शेवाळ-शिंपले रोखायचा गुण जातो. शंका वाटली तर ओल्या पॉलिश पेपरनं हलकं घासून आणखी एक हात मारा. टेकू लागलेत तिथं रंग पोचलेलाच नसणार. तिथं लावताना टेकू एकेक करून सरकवा, दोन एकदम काढू नका.