पहिला प्रस्ताव लिहिण्याआधी

संवर्धनाच्या कामासाठी परदेशी निधीचा विचार करताय ना, मग आधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बघा. नोंदणीला संस्था ३ वर्षं जुनी आणि त्या काळात मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेला लागतो. २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशातून आलेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणजे मोठ्या संस्थेमार्फत पैसे घेण्याचा जुना रस्ता बंद. प्रशासकीय खर्चही २० टक्क्यांच्या आतच. सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी, हवा असेल तर १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या आणि सीएसआर-१ ही कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी आधी उरकून घ्या.

‘देवराई संवर्धन’ एवढंच लिहू नका. कोणती देवराई, किती एकर, धोका नेमका कशाचा, ते सांगा. ग्रामसभेचा ठराव जोडाच. ‘५०० रोपं लावू’ यापेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगलेली असतील हा आकडा मोलाचा. आणि बजेट नेमकं इथंच फसतं! रोपं, खड्डे धरले जातात. कुंपण, उन्हाळ्यातलं पाणी, नांग्या भरणं (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं) आणि राखणदाराची मजुरी राहून जाते. पहिला हप्ता ऑगस्टमध्ये आला तर लागवडीचा हंगाम हातचा जातो, म्हणून वेळापत्रक पावसावरून मागे मोजत आखा. अभयारण्यात काम असेल तर वनविभागाच्या परवानगीचे महिनेही त्यातच धरा.