एपीए शैलीतले सत्तरेक संदर्भ व्हँकुव्हरमध्ये हातानेच बदलावे लागतील का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: पेपर एका जर्नलसाठी एपीए शैलीत (मजकुरात लेखकाचं नाव आणि वर्ष देणारी संदर्भशैली) लिहिला, तिथून तो परत आला, आता ज्या जर्नलला पाठवताय त्यांना व्हँकुव्हर (मजकुरात फक्त क्रमांक देणारी शैली) हवी आहे, आणि सत्तरेक संदर्भ वर्डमध्ये हाताने टाइप केलेले आहेत. एकेक बदलत बसायचं का, असं तुम्ही विचारलंय.

नका बसू. मी वैद्यकीय जर्नलांसाठी कॉपी-एडिटिंग करते, त्यामुळे माझा बराचसा दिवस दुसऱ्यांच्या संदर्भसूचीत जातो. हाताने शैली बदललेली यादी लगेच ओळखू येते. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी असतात, पण खंड क्रमांकाचा एखादा आकडा उडालेला असतो. चुकलेला स्वल्पविराम मी दुरुस्त करू शकते. आकडा चुकला की वाचक त्या लेखापर्यंत पोहोचतच नाही, आणि ज्याने ते काम केलं त्याचं श्रेयही वाटेतच हरवतं.

आधी नव्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना नीट वाचा. पहिल्या सबमिशनला कुठलीही एक शैली चालेल, फक्त ती सगळीकडे सारखी हवी, असं आता बरीच जर्नलं सांगतात. एल्सेव्हियरने तर या सवलतीला ‘युअर पेपर, युअर वे’ असं नावच दिलं होतं. तसं असेल तर आत्ता काहीच बदलू नका. पेपर स्वीकारला गेला की बघता येईल.

सवलत नसेल तर दोन शैलींत नेमकं काय बदलतं ते पाहा. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा लेख घ्या. एपीएमध्ये आडनाव, स्वल्पविराम, टिंबं दिलेली आद्याक्षरं, लगेच कंसात वर्ष, मग शीर्षक, तिरप्या अक्षरांत ‘नेचर’ आणि खंड १७१, कंसात अंक ४३५६, पानं ७३७–७३८ आणि शेवटी डीओआयची, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळख क्रमांकाची, लिंक. व्हँकुव्हरमध्ये आडनावापुढे आद्याक्षरं टिंबांशिवाय चिकटून येतात, वर्ष जर्नलच्या नावानंतर सरकतं आणि पानं ७३७-८ अशी आखडतात. माहिती तीच, मांडणी वेगळी. मांडणीचं काम यंत्राचं आहे, ते त्यालाच करू द्या. तुम्ही माहिती सांभाळा.

संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा. झोटेरो मोफत आहे, ते घ्या. मेंडेले किंवा एंडनोट आधीपासून वापरत असाल तर तेही चालेल. डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या साइटवर आख्खी संदर्भसूची पेस्ट करून प्रत्येकाचा डीओआय शोधायची सोय आहे. ते डीओआय झोटेरोत टाकले की नोंदी आपोआप तयार होतात. पुस्तकांसाठी आयएसबीएन चालतो. मग वर्डच्या प्लगइनने मजकुरातलं प्रत्येक सायटेशन (संदर्भाचा उल्लेख) एकदा नव्याने घालावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, ते टळत नाही. पण एकदा झालं की पुढच्या जर्नलसाठी शैलीच्या यादीतून फक्त नाव निवडायचं.

आपोआप आलेल्या नोंदींवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मला नेहमी सापडतात त्या गोष्टी सांगते. जुन्या लेखांची शीर्षकं सगळी मोठ्या लिपीत आलेली असतात. संस्था लेखक असेल तर तिच्या नावाचे नाव-आडनाव असे तुकडे होतात आणि जागतिक आरोग्य संघटनेचं ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ होतं; झोटेरोत लेखकाचं नाव एकाच रकान्यात ठेवायची सोय आहे, ती वापरा. ऑनलाइन जर्नलांत पान क्रमांकाऐवजी लेख क्रमांक असतो, तो गळतो. तुम्ही प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापून येण्याआधीचा मसुदा) वाचला होता आणि आता तो लेख रीतसर छापून आलाय, असंही होतं. मग छापील आवृत्ती वाचा, तुमचा मुद्दा तिच्यात टिकलाय का ते पाहा आणि तिचाच संदर्भ द्या. एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर झोटेरो लाल पट्टीत इशारा देतं. तो कधीच दुर्लक्षू नका.

आता खरी मेख. तिच्याबद्दल कुठलंच सॉफ्टवेअर तुम्हाला सावध करणार नाही. एपीएमध्ये तुम्ही लिहिलं असेल, ‘वॉटसन आणि क्रिक (१९५३) यांनी ही रचना मांडली.’ शैली बदलल्यावर कंसात फक्त आकडा उरतो. सायटेशन घालताना नावं त्याच्यातच येऊ दिली असतील, तर वाक्य ‘(७) यांनी ही रचना मांडली’ असं होतं. म्हणून जिथे लेखकाचं नाव वाक्याचा भाग आहे, तिथे ते स्वतः टाइप करा आणि आकडा नावाच्या मागे ठेवा: ‘वॉटसन आणि क्रिक (७) यांनी’. आकडा कंसात, चौकटी कंसात की वर चढवून, हे त्या जर्नलचा एखादा ताजा लेख उघडून बघा. सूचनांच्या पानापेक्षा छापलेला लेख जास्त स्पष्ट बोलतो.

दुसरी मेख तक्त्यांची. व्हँकुव्हरमध्ये संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे मिळतात, आणि फक्त तक्त्यात असलेल्या संदर्भाचा क्रम त्या तक्त्याचा मजकुरात पहिला उल्लेख जिथे येतो त्यावरून ठरतो. तक्ते फाइलच्या शेवटी असतील तर सॉफ्टवेअर त्यांतल्या संदर्भांना शेवटचे आकडे देतं. त्यामुळे आकडे पक्के होईपर्यंत तक्ता उल्लेखाच्या जागीच राहू द्या, शेवटी हलवा.

जर्नलांच्या नावांचे संक्षेप स्वतः बनवू नका. ते अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या यादीनुसार ठरतात, आणि झोटेरोच्या वर्ड प्लगइनमध्ये मेडलाइनचे (याच लायब्ररीच्या लेखसूचीचे) संक्षेप वापरायचा पर्याय आहे.

लेखकांची नावं मात्र नोंदीत सगळी ठेवा, छापताना कितीही दिसोत. व्हँकुव्हर पाळणारी बरीच जर्नलं सहा नावांनंतर ‘एट अल.’ (‘आणि इतर’) लिहितात, तर एपीएच्या सातव्या आवृत्तीत वीसपर्यंत सगळी नावं द्यावी लागतात. उद्या उलटा प्रवास करायची वेळ आली आणि तुमच्याकडे फक्त छापील यादी असली, तर सातव्या लेखकापासून पुढचे सगळे पुन्हा शोधत बसाल.

यादी एखाद्या चॅटबॉटला देऊन ‘व्हँकुव्हर करून दे’ म्हणायचा मोह होईल. कृपया नको. तो आकडा बदलतो, लेखकाचं नाव बदलतो, कधी अस्तित्वातच नसलेला लेख देतो, आणि हे सगळं इतकं नीटनेटकं दिसतं की नजर अडत नाही. रिव्ह्यूअरने एक संदर्भ उघडून पाहिला आणि तो निघालाच नाही, तर बाकीच्या पेपरवरचाही त्याचा विश्वास जातो.

पाठवण्याआधी प्रत्येक डीओआयवर क्लिक करा आणि शीर्षक जुळतंय ना ते बघा. नंतर फाइलची प्रत काढा आणि त्या प्रतीत सायटेशन ‘अनलिंक’ करून, म्हणजे त्यांचा साधा मजकूर करून, तीच सबमिट करा, म्हणजे जर्नलच्या यंत्रणेत आकडे विस्कटणार नाहीत. मूळ, लिंक असलेली फाइल जपून ठेवा. रिव्ह्यूअर दोन-चार संदर्भ वाढवायला सांगतातच, आणि तिसऱ्या जागी एक नवा आला की पुढचे सगळे आकडे सरकतात.