कायदा बदलायच्या कामात उतरणाऱ्या नव्या हायजिनिस्टला

टेक्सासमध्ये नुकतीच डेंटल हायजिनिस्ट म्हणून, म्हणजे डेंटिस्टच्या दवाखान्यात दात-हिरड्यांची सफाई करायच्या कामाला लागून, आपल्याला काय काय करता येईल याचा कायदा बदलायच्या कामात तू उतरतेयस, याचा मनापासून आनंद आहे. एक लक्षात घे: इथलं नियमित अधिवेशन विषम वर्षांतच भरतं, जानेवारीपासून जास्तीत जास्त 140 दिवस. त्यामुळे विधेयक मांडणारा आमदार आदल्या वर्षीच गाठायचा, मतदारसंघातल्या ऑफिसात. तिथल्या स्टाफशी ओळख वाढव.

समितीसमोर दोन-तीन मिनिटंच मिळतात. हक्काची भाषा बाजूला ठेव, पेशंटचं सांग. हायजिनिस्टला भूल टोचता येत नव्हती तेव्हाचं चित्र बघ: हिरडीखाली खोल स्केलिंग, म्हणजे दातावरचा कडक थर खरवडून काढणं, करायचंय, पेशंट खुर्चीचा हात घट्ट धरून बसलाय आणि बधिर करायला डॉक्टर शेजारच्या खोलीतून मोकळे होत नाहीत. हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे. हायजिनिस्टला भूल टोचायची मुभा वॉशिंग्टन राज्यानं 1971 मध्ये दिली. टेक्सासला त्यासाठी 2023 उजाडलं!

डेंटिस्टांशी वैर धरू नकोस. आपल्या बाजूनं साक्ष देणारा एक डेंटिस्ट फार मोलाचा. प्रशिक्षण किती, देखरेख कुणाची, हे विचारलं जाणारच. उत्तरं तोंडपाठ हवीत.

विधेयक मंजूर झालं की हात झटकू नकोस. पुढे डेंटल बोर्ड, म्हणजे या व्यवसायावर देखरेख करणारं राज्याचं मंडळ, नियम करतं, आणि दिलेलं बरंचसं तिथंच अटींत अडकतं. नियमांचा मसुदा आला की मुदतीत लेखी सूचना पाठव.