लष्करी मोहिमांत भूगोलाला किती महत्त्व? ड्रोन-उपग्रहांच्या काळातही ते उरतं का?

उरतं. आणि भूगोल म्हणजे नुसते डोंगर-नद्या नव्हेत, तिथली माणसंही त्यातच आली. मी जळगाव जिल्ह्यात शिक्षक आहे, पण याच मुद्द्यावर एका साहेबांशी माझं वाजलं होतं, म्हणून लिहितोय.

२०१९ च्या विधानसभेला सातपुड्यातल्या एका पाड्यावर माझी ड्युटी लागली. ऑक्टोबर उजाडला तरी पाऊस हटेना. फाट्यावर एक पावरा आदिवासी पोरगा म्हणाला, "भाऊ, तठे गाडी जावाव नही." साहेबांनी मोबाइल पुढे केला, नकाशात रस्ता होता! नाल्याच्या उतारावर जीप अर्ध्या चाकापर्यंत रुतली. गरगर फिरणारं चाक आमच्याच अंगावर चिखल उडवत होतं. तेवढ्यात तोच पोरगा मागून चालत आला. मतदान यंत्राची पेटी त्यानं टॉवेलची चुंबळ करून डोक्यावर घेतली आणि नाल्यात खडक कुठे लागतो तिथून बरोबर आम्हाला पार केलं. दिवेलागणीला पाड्यावर पोचलो.

१८१८ मध्ये खानदेश घेतल्यावर इंग्रजांचं हेच झालं. थाळनेरचा किल्ला तोफांनी पडला, पण डोंगरातल्या भिल्लांपुढे तोफा काय करणार? पलटणी डोंगरात जायच्या, तापानं फणफणून परतायच्या. १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या औट्रम नावाच्या अधिकाऱ्यानं भिल्लांमध्ये राहून, त्यांच्याबरोबर शिकार करून, त्यांचीच भिल्ल पलटण उभी केली, ठाणं धरणगावला. तेव्हा कुठे कंपनीचा जम बसला. उलटंही घडलं. सातपुड्यातल्या सेंधवा घाटाची राखण कंपनीनं ज्याच्यावर सोपवली होती, तो भिल्लांचा म्होरक्या खाज्या नाईक १८५७ मध्ये फिरला आणि घाटातून जाणारा मुंबई-आग्रा रस्ताच धोक्यात आला. घाट तोच, फक्त वाट जाणणारा माणूस दुसऱ्या बाजूला गेला.

नकाशे टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. उघड्या मैदानात ड्रोनपुढे काही चालत नाही, हेही खरं. बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडासारखा बेलाग किल्लासुद्धा १६०१ मध्ये अकबरानं घेतलाच. पण महिनोन्‌महिने वेढा घालून बसावं लागलं.

तुम्हाला हा विषय खरंच शिकायचा असेल तर होळीच्या आधी सातपुड्यात आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो, त्याला जा. कोणत्या पाड्याची माणसं कोणत्या वाटेनं उतरतात, कोण कोणाचा पाहुणा लागतो, ते बघा. ते कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही.

आमच्या साहेबांनी अहवालात "अतिवृष्टीमुळे विलंब" एवढंच लिहिलं. ते अजूनही म्हणतात, रेंज असती तर अडलो नसतो. साहेब, हे वाचत असाल तर सांगतो, रेंज फाट्यावर होती. त्या पोराचं नाव अहवालात यायला हवं होतं.