पहिली विनोदी शॉर्ट फिल्म करताय? आधी आवाज सांभाळा

भावा, पहिल्याच फिल्मला सतरा पानांची स्क्रिप्ट लिहिलीस? एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. पाचावर आण. भानगड एकच ठेव: हळदीचं पोतं स्कूटरवर बांधून सांगलीचा आयर्विन पूल ओलांडणारा माणूस, बास.

कॅमेरा मोबाईलचा चालतो. ट्यूबलाइटखाली शटर (एक फ्रेम टिपायचा वेळ) १/५० सेकंद ठेव, नाहीतर चित्र लुकलुकतं. बाकी सेटिंग सध्या विसर.

खरा घात आवाजात होतो. मी कृष्णेच्या घाटावर दिवसभर शूट केलं, घरी येऊन ऐकतो तर नुसता वारा आणि देवळाची घंटा. डायलॉग पार गेले. कॉलर माईक घे, त्याला फर, म्हणजे वारा अडवणारं केसाळ टोपडं लाव.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- नट मुद्दाम वेडेवाकडे चेहरे करतो. पोतं सुटतंय हे त्याला खरंच संकट वाटलं पाहिजे, तरच हसू येतं.
- पंच, म्हणजे हसवणारा क्षण झाला की लगेच कट. पोतं फुटल्यावर तो पिवळाधमक चेहरा दोन सेकंद राहू दे की!
- वर टुंगटुंग म्युझिक. नको.

नट गावातच मिळतील. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीतच नाटक उभं केलं, हौशी मंडळींना तोटा नाही. फक्त स्टेजचा आवाज खाली घ्यायला सांग. आणि चहा-भडंग तुझ्याकडून.