मंगळावर जायचंय म्हणतेस

लष्कर, ग्वाल्हेर

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मंगळावर जायचंय, मग हे रोजचं इंटिग्रेशन कशाला घोटत बसायचं, असं विचारलंस. घरचे हसले, हेही लिहिलंस. मी नाही हसलो. तुझ्या वयाचा होतो तेव्हा उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. पहाटे गार वारा सुटला की जाग यायची, आणि किल्ल्याच्या काळ्या कड्याला तारे टेकलेले दिसायचे. त्याच्या पलीकडे काय असेल, ही हुरहुर तेव्हा लागली ती आज सत्तरीतही सुटलेली नाही. ती ओढ खरी आहे, कुणाच्या हसण्याने सोडू नकोस.

एक मात्र आधीच सांगतो. पृथ्वी बिघडली, आता दुसरं घर शोधू या, हे बोलणं मला मुळीच पटत नाही. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास. अंटार्क्टिकात निदान श्वास तरी घेता येतो! पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात ते साधारण 26 महिन्यांनी एकदा, म्हणजे जाऊन परत यायला अडीच-तीन वर्षं हवीत. वजनरहित अवस्थेत खुब्याचं हाड महिन्याला टक्का-दीड टक्का झिजू शकतं, म्हणून अंतराळ स्थानकात माणसं रोज दोन तास व्यायाम करतात. हे सगळं ठाऊक असूनही जावंसं वाटत असेल, तर जरूर जा.

आता तुझं इंटिग्रेशन. मंगळ आज जिथे दिसतो तिकडे यान सोडत नाहीत गं. सात-आठ महिन्यांनी तो जिथे पोचलेला असेल, तिकडे सोडतात. ती जागा आणि तिथवरची वाट काढायची ती याच गणिताने.

व्हॉयेजर 1 ची गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल. 1977 च्या सप्टेंबरमध्ये निघालेलं ते यान. 2023 च्या नोव्हेंबरात त्याच्याकडून अर्थहीन आकडे येऊ लागले. अंतर 2400 कोटी किलोमीटर, निरोप एका बाजूने जायलाच साडेबावीस तास. इथे पृथ्वीवर नासाच्या माणसांनी जुनी कागदपत्रं काढली, ओळ न् ओळ तपासली, स्मृतीची एक चिप निकामी झाल्याचं शोधलं. तिच्यातला प्रोग्राम दुसरीकडे हलवायचा, तर तो अख्खा मावेल अशी एकही जागा नाही. मग त्याचे तुकडे करून जिथे सापट मिळाली तिथे बसवले. 18 एप्रिल 2024 ला आज्ञा पाठवली आणि 20 तारखेला उत्तर आलं. ते दोन दिवस त्या खोलीत कसे गेले असतील, याचा विचार केला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. त्यांच्यातलं कुणी अंतराळात गेलेलं नसेल. पण सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून पलीकडे गेलेल्या यानाला त्यांनी बोलतं केलं. तुला यानात जागा मिळेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. त्या खोलीत बसायची तयारी तू आजपासून करू शकतेस.

परीक्षा झाली की रविवारी सकाळी सहाला ये, ऊन तापायच्या आत किल्ला चढू. चढावरच चतुर्भुज मंदिर आहे, एकाच खडकात कोरलेलं. आत इ.स. 876 चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी 270 हात लांब, 187 हात रुंद जमीन दिली, आणि रोज 50 माळा द्यायच्या, असा सगळा हिशेब त्यात लिहिलाय. 270 मधलं शून्य शेजारच्या अंकांपेक्षा लहान, बारीकसं वर्तुळ आहे. घाईत नजरेतून सुटतं.

टॉर्च आण. उजेड समोरून न टाकता बाजूने तिरपा धरला की अक्षरं उठून दिसतात.

तुझा,
काका