टाळेबंदी आणि स्वमग्न भाऊ

प्रश्न : माझा सव्वीस वर्षांचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) भाऊ मार्च २०२० च्या टाळेबंदीत आधी निवांत होता; आता रात्रभर जागतो आणि मास्क पाहताच कोपऱ्यात जाऊन बसतो. काय करावे?
– एक भगिनी, परभणी

उत्तर : गर्दी आणि अनाहूत गप्पा थांबल्याने अनेक स्वमग्न प्रौढांना प्रथम हायसे वाटते, परंतु मोडलेला दिनक्रम पुन्हा कधी सुरू होईल हे कोणीच सांगेनासे झाले, की तीच शांतता घालमेलीत बदलते. त्यामुळे ‘लवकरच सगळे ठीक होईल’ असे मोघम सांगू नका (आपल्याकडे तशी सवयच असते). आंघोळ, जेवण, गच्चीवरची फेरी यांच्या वेळा भिंतीवर लिहून लावा आणि बदल आदल्या दिवशी सांगा. मास्कची दोरी कानामागे काचत असल्यास डोक्यामागे बांधायचा मऊ सुती मास्क घरातच थोडा थोडा वेळ वापरू द्या. तरीही झोप न सुधारल्यास, हा त्याचा हट्ट आहे असे न समजता, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.